डिजिटल चित्रातलं शेडिंग : सुरुवात उजेडाच्या सीमेपासून

प्रश्न : मी गुहागरजवळच्या गावात राहते, कॉलेजात शिकते. फोनवर आयबिस पेंटमध्ये आणि भावाच्या लॅपटॉपवर क्रिटामध्ये चित्रं काढते. रेखाटन जमतं, सपाट रंग भरले की चित्र बरं दिसतं. पण शेडिंग केलं की ते मळकट होतं आणि तरीही सपाटच वाटतं. मी काळा रंग घेऊन एअरब्रशने कडांना सावली देते. नेमकं कुठून सुरू करावं? आणि पेन टॅबलेट घेतल्याशिवाय हे जमेल का?

उत्तर :

दोन्ही दुखणी तुमच्या प्रश्नातच आहेत. सावली कडांना दिली जाते आहे, म्हणून चित्र सपाट राहतं. ती काळ्या रंगाने दिली जाते आहे, म्हणून चित्र मळतं. ब्रश बदलून किंवा नवीन ब्रश उतरवून घेऊन यातलं काहीच सुटणार नाही.

वस्तूची कड कुठे येते हे तुम्ही ती कुठून बघता त्यावर ठरतं. सावली कुठे येते हे उजेड कुठून येतो त्यावर ठरतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. चहूबाजूंनी कड काळी आणि मध्य उजळ असं केलं, की उजेड बरोबर बघणाऱ्याच्या कपाळातून येतोय असा आकार तयार होतो. सगळ्या वस्तू सारख्याच फुगीर दिसतात, आणि चौकोनी वस्तूही उशीसारखी दिसते. याला पिलो शेडिंग म्हणतात. नवशिक्यांच्या चित्रांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

म्हणून सावली भरण्याआधी एक रेघ काढायची सवय लावा. उजेडाचे किरण वस्तूला जिथे नुसते घासून जातात, जिथून पुढे ते पोचतच नाहीत, ती सीमा. इंग्रजी पुस्तकांत तिला टर्मिनेटर म्हणतात. इथे मी उजेडाची सीमा म्हणतो. डाव्या-वरच्या बाजूने उजेड येत असेल तर नारळावर ही सीमा उजवीकडे-खाली वाकडी कमान होऊन येते, आणि नारळाची डावी कड अगदी टोकापर्यंत उजळ राहते. माडाच्या खोडावर ती खोडाच्या लांबीने उभी उतरते आणि प्रत्येक वळ्यापाशी थोडी दचकते. जांभ्या दगडाच्या चौकोनी चिऱ्यावर ती बरोबर कोपऱ्याच्या धारेवर येते, कारण तिथे पृष्ठभागाची दिशा एकदम बदलते. रेघ काढता आली नाही, तर उजेड कुठून येतो हे अजून ठरलेलं नाही असं समजा. ब्रश बाजूला ठेवा, चित्राच्या कोपऱ्यात एक बाण काढा, आणि तो शेवटपर्यंत पुसू नका.

दोनच कुळं

सीमा ठरली की चित्राचे दोन भाग, म्हणजे दोन कुळं, पडतात : उजेडातलं आणि सावलीतलं. एकाच रंगाच्या पृष्ठभागावर सावलीतला सगळ्यात उजळ ठिपकासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद ठिपक्यापेक्षा गडदच असला पाहिजे. शेडिंगमधली निम्म्याहून जास्त बिघाडं हा नियम मोडल्याने होतात. उजळपणा ० ते १०० मोजला तर सरावासाठी उजेडातलं सगळं ६० ते ९५ मध्ये ठेवा, सावलीतलं १५ ते ४५ मध्ये, आणि मधली पट्टी सुरुवातीला मोकळी सोडा. पुढे सीमा मऊ करताना ती आपोआप थोडी भरते.

नियम एकाच रंगाच्या पृष्ठभागासाठी आहे, हे मात्र विसरू नका. चुन्याने रंगवलेली भिंत सावलीत असली तरी उन्हात ठेवलेल्या काळ्या मडक्यापेक्षा उजळ असू शकते. दोन वेगळ्या रंगांच्या वस्तूंमध्ये प्रत्येकीची दोन कुळं वेगळी मोजायची.

हे डोळ्याला कळावं म्हणून पहिले काही दिवस रंग बाजूला ठेवा. एका खिडकीची खोली बघा, ट्यूबलाइट बंद करा, खिडकीपासून हातभर अंतरावर पांढऱ्या ताटलीत वस्तू ठेवा. दोन बाजूंनी उजेड आला की दोन सीमा आणि दोन पडछाया (वस्तूने दुसऱ्या पृष्ठभागावर टाकलेल्या सावल्या) येतात, त्या सुरुवातीला झेपत नाहीत. डोळे बारीक करून पाहिलं की बारकावे गळून पडतात आणि दोन कुळं वेगळी दिसतात. ती फक्त दोन रंगांत, ७५ आणि ३०, कडक गोल ब्रशने भरा. मऊ काहीही नाही. या दोन रंगांतच वस्तू ओळखू आली आणि गोल वाटली, तर पुढचं शेडिंग जमणार. इथे ओळखू आली नाही तर पुढचे दहा लेअर तिला वाचवणार नाहीत.

चिऱ्यापासून सुरुवात करणं मला सगळ्यात योग्य वाटतं, कारण त्याच्या दिसणाऱ्या तीन बाजूंना तीनच छटा लागतात. वरची ८५, डावी ६०, उजवी ३० अशा भरल्या की तो लगेच घन दिसतो. जांभ्याची भोकं मात्र सगळीकडे सारखी काढायचा मोह होतो. ज्या बाजूला उजेड तिरका घासून जातो तिथेच खडबडीतपणा ठळक दिसतो. समोरून ऊन पडलेल्या बाजूवर भोकं जवळजवळ पुसली जातात, आणि गडद सावलीतही ती विरतात. तेवढ्या एकाच बाजूवर ती मन लावून काढा, बाकीकडे सुचवून सोडा.

एक आंबा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता रंगात. २००० बाय २००० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. पांढऱ्या कागदावर सगळेच रंग गडद भासतात आणि मग आपण सावली फिकी करून ठेवतो, म्हणून पार्श्वभूमी पांढरी न ठेवता मध्यम राखाडी करा, साधारण ७० उजळपणाची.

त्यावर 'पाया' नावाचा लेअर. आंब्याचा आकार कडक ब्रशने, पूर्ण अपारदर्शक भरून घ्या : लाल २४०, हिरवा १८०, निळा ६० (रंगांचे हे आकडे ० ते २५५ च्या मोजणीतले). आत कुठे बारीक छिद्रं राहिली नाहीत ना ते गडद रंगाचा लेअर खाली धरून तपासा. ती राहिली तर पुढे प्रत्येक टप्प्यावर डाग होऊन वर येतात.

पायाच्या वर नवा लेअर घेऊन तो पायाला क्लिप करा, म्हणजे रंग आंब्याबाहेर जाणार नाही. आयबिस पेंटमध्ये लेअरच्या खिडकीत क्लिपिंगचं बटण आहे. क्रिटामध्ये हे काम 'इनहेरिट अल्फा' करतं, आणि तिथे बहुतेक जण अडकतात. क्रिटामध्ये तो लेअर एका गटातल्या खालच्या सगळ्या लेअर्सना मिळून क्लिप होतो. खाली पार्श्वभूमी असली की क्लिप झाल्याचं दिसतच नाही. पाया आणि सावली हे दोनच लेअर एका ग्रुपमध्ये टाका आणि मग वरच्यावर अल्फाचं चिन्ह दाबा.

या लेअरचा मोड मल्टिप्लाय करा आणि रंग घ्या करडा-जांभळा : लाल १५०, हिरवा १४०, निळा १९०. लेअरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, १०० टक्के. उजेडाच्या सीमेपलीकडचा सगळा भाग लॅसोने (भोवती रेघ ओढून भाग निवडायच्या साधनाने) निवडून एका फटक्यात भरा. मल्टिप्लाय म्हणजे प्रत्येक रंगाचा आकडा दुसऱ्याने गुणून २५५ ने भागणं. त्यामुळे आंब्याचा सावलीतला रंग येतो १४१, ९९, ४५ : उबदार तपकिरी. आता तुमच्या पद्धतीने करून पाहा, काळा रंग ४० टक्के ओपॅसिटीने. येतो १४४, १०८, ३६. उजळपणा जवळपास तोच, पण हिरव्याचा वाटा जास्त आणि निळा कमी. डोळ्याला तो हिरवट-मातकट दिसतो. काळा फक्त उजेड काढून घेतो, रंगछटा होती तिथेच ठेवतो, आणि गडद झालेला पिवळा नेहमी हिरव्याकडे झुकल्यासारखा वाटतो. तुमच्या चित्रातला मळकटपणा हा असा येतो. कातडीच्या रंगाचंही असंच होतं, फक्त तिथे तो राखेसारखा दिसतो.

मल्टिप्लायशिवाय थेट रंग निवडायचा असेल तर एचएसबी, म्हणजे रंगछटा, संपृक्तता (रंगाचा गडदगहिरेपणा) आणि उजळपणा यांच्या, पट्ट्या उघडा. उजळपणा ३० ते ४० ने खाली, रंगछटा १० ते २० अंश सरकवा, संपृक्तता थोडी वाढवा. पिवळा लालसर नारिंगीकडे सरकवा, हिरवा निळ्याकडे, लाल किरमिजीकडे. उघड्या आभाळाखाली सावलीत निळसर उजेड येत असतो, म्हणून पांढऱ्या आणि करड्या वस्तूंच्या सावल्या थोड्या निळसर घेतल्या की खऱ्या वाटतात.

आता पायाच्या खाली (क्रिटामध्ये त्या ग्रुपच्याही खाली, बाहेर) आणखी एक मल्टिप्लाय लेअर, पडछायेसाठी. ताटलीवर आंब्याची पडछाया पडते ती वस्तूच्या अंगावरच्या सावलीपेक्षा सहसा थोडी गडद असते. आंबा ताटलीला टेकतो त्या जागी १० ते १५ पिक्सेल जाडीची, जवळजवळ काळी चीर लागते. उजळपणा १० ते १५. तिथे उजेड कुठूनच शिरत नाही. ही चीर विसरलात तर आंबा तरंगतो, मग बाकी शेडिंग कितीही चांगलं असो. अख्ख्या चित्रात जवळजवळ काळा रंग चालतो तो अशाच फटीत.

इथपर्यंत सगळं कडक कडांनी झालं. याच अवस्थेला सेल शेडिंग म्हणतात, आणि कॉमिक किंवा अ‍ॅनिमेशनसारखी शैली हवी असेल तर चित्र इथे पूर्ण आहे. घाईने पुढे जायची गरज नाही.

मऊ कुठे, कडक कुठे

मऊ शेडिंग म्हणजे सगळं मऊ करणं असा गैरसमज एअरब्रशमुळे पसरला आहे. पृष्ठभाग हळूहळू वळतो तिथे सीमा मऊ, झटकन वळतो तिथे कडक. आंब्याच्या पोटावर सीमा मऊ हवी. देठाजवळच्या खड्ड्यात आणि टोकाच्या चोचीपाशी ती आवळून घ्या. एकाच वस्तूवर दोन्ही प्रकारच्या कडा असल्या की आकार जिवंत होतो.

मऊ करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली, एअरब्रश, पण मोठा. २००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर १००० पिक्सेलचा आंबा असेल तर ब्रशचा व्यास २५० ते ३०० पिक्सेल हवा. सीमेपासून थोडं आत, सावलीच्या लेअरवरच, खोडरब म्हणून एकदा फिरवायचा. ४० पिक्सेलच्या एअरब्रशने दहा वेळा घासलं की पट्टे पडतात, आणि ते पुसायला स्मज वापरलं की चिखल होतो. दुसरी पद्धत मला जास्त आवडते : वर नॉर्मल मोडचा, क्लिप केलेला लेअर, कडक ब्रश, ओपॅसिटी ३० ते ४० टक्के. सीमेच्या दोन्ही बाजूंवर एक फटकारा मारा, तयार झालेला मधला रंग आयड्रॉपरने उचला, त्याच रंगाने पुढचा फटकारा. तीन-चार पायऱ्यांत वळण तयार होतं आणि ब्रशच्या खुणा आकाराच्या दिशेने गेल्यामुळे आकारही सांगतात. ओपॅसिटी आणि फ्लो यांत गल्लत करू नका. ओपॅसिटी एका फटकाऱ्याची कमाल मर्यादा ठरवते. फ्लो त्या मर्यादेपर्यंत रंग किती वेगाने साचतो ते ठरवतो.

पडछायेच्या कडांचा हिशोब वेगळा. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, त्यामुळे सावली टाकणारी वस्तू जमिनीपासून जितकी लांब तितकी कड पसरते : दर मीटरला जवळजवळ ९ मिलिमीटर. अंगणातल्या काठीची सावली बुंध्याशी धारदार असते आणि टोकाला विरते. १२ मीटर उंच माडाच्या झावळीची सावली अंगणात पडेपर्यंत कडेला सुमारे ११ सेंटिमीटर पसरलेली असते. झावळीची एकेक पाती त्यापेक्षा अरुंद, म्हणून ती वेगवेगळी दिसतच नाहीत. मधला दांडा आणि एकूण पिसाऱ्याचा धूसर आकार तेवढा उरतो. कोकणातलं अंगण रंगवणारे बहुतेक जण इथे चुकतात : झावळीचा स्टॅम्प ब्रश घेतात आणि जमिनीवर धारदार पाती उमटवतात. मग माड उंच न वाटता कमरेएवढा वाटतो. गच्च पानांतून सारवलेल्या जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसेही गोल किंवा लंबगोल काढा. फट कशीही असो, पुरेशा उंचीवरून पडणारा कवडसा सूर्याच्याच आकाराचा होतो.

पडछायेची कड वस्तूजवळ धारदार आणि लांब विरत जाणारी करायला पडछायेच्या लेअरची प्रत काढा. मूळ लेअरवर ५ पिक्सेल गॉसियन ब्लर, प्रतीवर ३०. प्रतीला मास्क (लेअरचा भाग न पुसता झाकायची सोय) लावून वस्तूच्या जवळचा भाग झाका, मूळ लेअरला मास्क लावून लांबचा भाग झाका, दोन्ही मास्क मोठ्या मऊ ब्रशने. पूर्ण पडछायेवर एकच ब्लर लावू नका.

वस्तूचा रंग आणि सावली

हापूस मुद्दाम सुचवला. त्याच्या खांद्यावर जी लाली असते ती वस्तूच्या अंगचा रंग आहे, उजेडाशी तिचं नातं नाही. शिकणारे ती लाली सावली समजून गडद करतात, किंवा उजेडाच्या बाजूला आली म्हणून गाळून टाकतात. ती पायाच्या लेअरवरच रंगवा, सावलीच्या खाली. मग सावली तिच्यावरूनही सारखी फिरेल.

बांगडा या माशात हाच घोटाळा उलटा आहे. त्याची पाठ निळसर-हिरवी गडद, पोट रुपेरी. समुद्रात वरून उजेड येतो, पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि दोन्हींचा मेळ होऊन मासा पाण्यात सपाट, जवळजवळ अदृश्य होतो. माशाचा तो बचाव आहे, आणि तुमच्या चित्रातही तो तितक्याच इमानदारीने काम करतो : वरून उजेड धरलात तर कितीही शेडिंग करा, बांगडा चपटाच वाटेल. तो ताटात आडवा ठेवा, उजेड बाजूच्या खिडकीतून येऊ द्या. पाठीचा गडदपणा पायाच्या लेअरवर, सीमेची सावली वरच्या लेअरवर. पोटाचा पांढरा रंग सावलीत गेला की तो पांढरा राहत नाही, निळसर राखाडी होतो. पांढरं ते पांढरंच रंगवायचं ही समजूत इथे सोडावी लागते.

चकाकीबद्दल थोडक्यात. ती सर्वांत उजळ भागाच्या मध्यावर येत नाही. उजेडाची दिशा आणि तुमची नजर यांच्या मधोमध तोंड करून असलेल्या जागी येते. म्हणून चेहरा हलवला की ती सरकते. सोललेल्या नारळाच्या शेंडीवर चकाकी देऊ नका. आंब्यावर ती पसरट आणि मंद, ओल्या बांगड्यावर बारीक आणि तीक्ष्ण. आंबा, मासा, पान यांवर चकाकीचा रंग उजेडाचा असतो. तांब्याच्या कळशीवर मात्र ती तांबूस येते, कारण धातू परतवलेल्या उजेडालाही आपला रंग देतो. कळशीवर शुभ्र पांढरे ठिपके मारले की ती प्लॅस्टिकची दिसते.

परतलेला उजेड

सावलीचा भाग पूर्ण अंधारा नसतो. जमिनीवर आपटून परतलेला उजेड तिथे खालून शिरतो, आणि जमिनीचा रंग घेऊन येतो. आपल्याकडच्या लाल मातीत पांढऱ्या भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग सावलीतही तांबूस दिसतो. गणपतीपुळ्याच्या फिकट वाळूवर ओढलेल्या होडीचं पोट खालून चांगलं उजळतं. तीच होडी रत्नागिरीच्या मांडवीच्या काळ्या वाळूवर असेल तर जवळजवळ काहीच परतत नाही आणि पोट गडद राहतं. जागा बदलली की सावली बदलली पाहिजे.

हा उजेड रंगवायला फार मजा येते, म्हणून तो नेहमी जास्त होतो. सावलीच्या उजळपणात ८ ते १२ ची वाढ पुरे. सावली ३० असेल तर ४२ च्या पुढे जाऊ नका. तो पार कडेला चिकटवूनही काढू नका, नाहीतर दुसरा दिवा लावल्यासारखा वाटतो. आणि वर सांगितलेला दोन कुळांचा नियम इथे पुन्हा तपासा.

आपल्याकडचं ऊन

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या पुढेमागे थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तेव्हा तिच्या पायाखाली जाते. अशा वेळचं कौलारू घर काढलंत तर सगळं ऊन छपराला मिळतं, भिंती जवळजवळ पूर्ण सावलीत, आणि डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळे डाग. चेहरा शिकायला ही वेळ घेऊ नका. डिसेंबरात दुपारी सूर्य सुमारे ५० अंशांवरच असतो, आणि सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे ८५ टक्के लांब, उत्तरेकडे पडते. ४५ अंशांना सावली उंचीएवढी, ३० अंशांना पावणेदोन पट. चित्रात एका माणसाची सावली काढली की सूर्याची उंची ठरली. बाकी सगळ्यांच्या सावल्या त्याच प्रमाणात आल्या पाहिजेत.

पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. ढग भरले की अख्खं आभाळच दिवा होतं. उजेडाची सीमा नाहीशी होते, पडछाया विरतात. अशा चित्रात सीमा शोधत बसू नका. प्रत्येक पृष्ठभागाला आभाळ किती दिसतं तेवढंच विचारा : वर तोंड असलेलं उजळ, बाजूला तोंड असलेलं मध्यम, खाली तोंड असलेलं आणि फटीतलं गडद. इथे मोठा मऊ ब्रश शोभतो. भिजलेला जांभा कोरड्यापेक्षा बराच गडद आणि रंगाने भरलेला घ्या, आणि वर आभाळाची फिकट चमक.

दिवेलागणीचा उजेड वेगळा विषय आहे, तरी एक चित्र बघायला सांगतो. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार एस. एल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे : हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी स्त्री. दिवा चित्रातच असल्यामुळे प्रत्येक भागाला उजेड वेगळ्या दिशेने आणि वेगळ्या जोराने मिळतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून दिव्याजवळचा हात लख्ख आणि खांदा अंधारात. त्याची छापील प्रत समोर ठेवून फक्त तीन छटांत उतरवून पाहा.

शाडूची मूर्ती

कोकणात राहणाऱ्यांना एक सोय आहे, तिचा उपयोग करून घ्या. आषाढ-श्रावणात गणपतीच्या शाळेत वाळलेल्या, रंग न लागलेल्या शाडूच्या मूर्ती रांगेने ठेवलेल्या असतात. एकच फिका रंग, चकाकी नाही, आणि आकार भरपूर : पोटाचा गोल, सोंडेचं वळतं नळकांडं, पाटाच्या सरळ बाजू, धोतराच्या चुण्या. पांढऱ्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकतात तो अभ्यास इथे गावातच होतो. मालकांना विचारून एका बाजूने उजेड येणारी मूर्ती निवडा, फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवा.

रंगवून झालेल्या मूर्तीवरून मात्र शेडिंग शिकू नका. गालांवर, सोंडेच्या वळ्यांवर आणि चुण्यांत कारागीर स्प्रे गनने जी छटा मारतात ती सजावटीची असते. मूर्ती कुठल्याही उजेडात ठेवली तरी उठून दिसावी म्हणून ती सगळीकडून सारखी असते. त्या कामासाठी ती योग्यच आहे. तिचा फोटो उतरवताना तुम्ही ती छटाही सावली समजून घेता, वर खरी सावली देता, आणि पुन्हा कडा काळ्या होतात.

रेघांचं आणि ठिपक्यांचं शेडिंगही असतं. त्यात रेघांची दिशा पृष्ठभागाच्या वळणाने न्या, गडद हवं तिथे दुसरा थर ३० ते ४५ अंशांच्या कोनात. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी वस्तुचित्र केलं असेल तर हात बसलेला असतो. उजेडाची सीमा इथेही आधीच ठरवायची.

तपासणी, आणि साधनं

सगळ्यांत वर एक लेअर ठेवा, पूर्ण काळा भरलेला, मोड 'कलर'. तो चालू केला की चित्र करड्या छटांत दिसतं. एचएसबीमधला उजळपणा डोळ्याला फसवतो : ९५ चा पिवळा आणि ९५ चा निळा आकड्याने सारखे, पण निळा कितीतरी गडद दिसतो. करड्या छटांत दोन कुळं वेगळी राहिली आहेत का ते पाहा. मग चित्र आडवं उलटा करा आणि अंगठ्याएवढं लहान करून बघा. लहान आकारात आकार मोडला तर दोष छटांचा आहे, बारकाव्यांचा नाही.

फोनचा नाइट मोड आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस चित्र काढताना बंद ठेवा. नाइट मोडमध्ये पडदा पिवळा होतो आणि तुम्ही नकळत सगळं निळं रंगवता. भर उजेडाच्या पडवीत बसून काढलं तर पडद्यावरचे गडद भाग दिसत नाहीत, म्हणून सावल्या फिक्या होतात. आत बसा, पाठीमागे खिडकी नको.

पेन टॅबलेट लगेच घेऊ नका. साध्या रबरी टोकाच्या स्टायलसला आणि बोटाला दाब कळत नाही, एवढीच फोनची खरी अडचण. ती सेल शेडिंगला आणि लॅसोने भरण्याला अजिबात आड येत नाही, आणि मऊ सीमा ३० टक्के ओपॅसिटीच्या कडक ब्रशने पायऱ्यापायऱ्यांत जमते. वरची सगळी कामं फोनवर होतात. चिरा, नारळ, आंबा, बांगडा आणि एक शाडूची मूर्ती एवढं दोन आणि तीन छटांत नीट उतरू लागलं, आणि तरीही हात दाबाच्या कमी-जास्तीसाठी अडतोय असं वाटलं, तर लहान आकाराचा, पडदा नसलेला पेन टॅबलेट लॅपटॉपला पुरतो. घेताना तो क्रिटामध्ये दाब ओळखतो का हे दुकानातच जोडून बघा : एक रेघ हलकी, एक जोरात, दोन्हींची जाडी वेगळी आली पाहिजे.